उजेड दिसला तरच पातं खाली

मित्रांनो, माझं डोकं कापलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट निम्म्यावर आली की कुणीतरी विचारायचं, "पण तुला टोपी का नाही?" टोपी होती. चांगली चकचकीत पत्र्याची होती. ती कुणी काढली आणि त्यापायी कुणाचं काय गेलं, तेच सांगायला बसलो आहे.

मी एक जुना ट्रान्झिस्टर. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तारेच्या तीन पायांवर उभा. माझ्या पोटात खसखशीएवढा एक तुकडा आहे, तोच खरा मी. बाकी सगळा पत्रा. आमच्या जातीला उजेड सोसत नाही. उजेड पडला की आम्ही बहकतो, नको तेव्हा वीज सोडतो, म्हणून कारखान्यात जन्मतःच आम्हाला टोपी घालतात आणि कडेनं पक्की दाबून टाकतात. मी जन्मलो तो अंधारातच, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

पुढची वीस वर्षं एका रेडिओत गेली. बातम्या, गाणी, शेतीची माहिती, सगळं माझ्यातून गेलं. तेव्हा 'तुला ऐकू कसं येतं?' असलं काही विचारू नका. वीस वर्षं रेडिओत काढली की कान आपोआप तयार होतात, आणि जे दिसत नाही तेही कानानं कळतं. ज्या घरात रेडिओ होता तिथल्या भांडणांसकट सगळं मला पाठ होतं. एक दिवस त्या घरात टीव्ही आला आणि रेडिओ माळ्यावर गेला. माळ्यावरून भंगारात, आणि भंगारातून वस्तादच्या दुकानात.

वस्ताद म्हणजे जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करणारा माणूस. तिशी ओलांडलेला, बोटांवर चटक्यांचे डाग, बोलायला मोकळा. हे नाव त्याला त्याच्या थोरल्या बहिणीनं ठेवलं होतं. दहा वर्षांचा असताना त्यानं भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि परत बंद केलं तेव्हा पाच चाकं बाहेर उरली. ती म्हणाली, "वा वस्ताद, वेळ वाचवलास." तेव्हापासून सगळी वस्ती त्याला वस्तादच म्हणे. आईवडील लवकर गेले. त्याचं शिक्षण, त्याचा पहिला मीटर, त्याच्या दुकानाचं शटर, सगळं तिनं उभं केलं. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा.

ताई बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर होती. वह्या, डायऱ्या, पावतीबुकं, सगळ्यांच्या कडा त्या मशीनवर सरळ होत. कागदांची थप्पी पात्याखाली सरकवायची, हातानं दाबून कडा जुळवायची, हात मागे घ्यायचा आणि मग पेडलवर पाय द्यायचा. पातं दोन हात लांब होतं आणि पाचशे कागद एका दमात कापायचं. ताईचा हात फार सफाईचा. अंगठ्यानं थप्पीची कड चाळून ती सांगायची, "यात दोन कागद कमी आहेत," आणि मोजले तर दोनच कमी निघायचे.

तिच्या आधी त्या मशीनवर जी बाई होती ती आता कारखान्याच्या गेटवर बसून हजेरी लिहीत असे. पेन डाव्या हातात धरायची. उजव्या हाताला धरायला काही उरलं नव्हतं.

वस्तादला त्याचीच धास्ती होती. ताई जेवायला बसली की तो तिची बोटं बघायचा. ती म्हणायची, "मोजून झाली का? दहाच आहेत. काल पण दहाच होती." एका रविवारी दुपारी त्यानं ठरवलं की पात्यासमोर एक डोळा बसवायचा. हात मध्ये आला तर त्या डोळ्याला कळलं पाहिजे आणि पातं खाली येताच कामा नये. असा डोळा बाजारात तयार मिळायचा, पण वस्तादला तयार वस्तूचा राग होता. घरी होतं ते दुसऱ्यानं केलेलं का आणायचं, हा त्याचा खाक्या. आणि त्याला एक जुनी खुबी ठाऊक होती: जुन्या ट्रान्झिस्टरची टोपी कापली की आतला तुकडा उजेड ओळखतो. जो आमचा दोष, तोच त्याला हवा होता.

दुकानातल्या एका डब्यात आम्ही सात जुने ट्रान्झिस्टर होतो. त्यानं पहिल्याला शिकंज्यात धरला आणि बारीक कानशीनं डोकं घासायला लागला. कर्र, कर्र. टोपी निघाली आणि आतली केसासारखी तार तुटली. पहिला संपला. दुसऱ्याच्या पोटात पत्र्याचा कीस गेला. तिसऱ्याला शिकंजाच जास्त बसला. आम्ही डब्यात ओळीनं पडून ऐकत होतो. ताई शेजारी बसून जुन्या चादरीला टाके घालत होती. सहावा मेला तेव्हा ती म्हणाली, "अरे, किती जणांचा जीव घेणार आहेस?"

"एक जगला तरी पुरे," वस्ताद म्हणाला आणि त्यानं मला उचललं.

मित्रांनो, दुखलं का, असं विचाराल. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. टोपी गेली, आतली पांढरी मलमासारखी लुगदी त्यानं काडीनं पुसून काढली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. मी बहकलो. मीटरचा काटा ताडकन उडाला. वस्तादनं माझ्यावर तळहात धरला, काटा पडला. हात काढला, काटा उठला. तो लहान मुलासारखा हसत सुटला आणि पुन्हा पुन्हा तेच करत राहिला. मग उघड्या डोक्यात धूळ जाऊ नये म्हणून त्यानं ताईची बिनरंगी नेलपॉलिश मागितली. "वर्षातून एकदा लावते मी, तेही तुला हवं," असं म्हणत तिनं बाटली दिली. एक थेंब माझ्या डोक्यावर वाळला. तीच माझी नवी टोपी.

नंतर त्यानं मला पट्टीवर बसवून समोर एक लाल दिवा लावला. दिव्याचा उजेड माझ्यावर पडला की एक खटका ओढला जायचा, आणि तो खटका ओढलेला असेल तरच पेडल चालायचं. वस्तादनं ताईला नीट समजावून सांगितलं. "उजेड दिसला तरच पातं खाली. मध्ये हात आला की याला अंधार, अंधार म्हणजे पातं वर. तार तुटली, दिवा गेला, धूळ बसली, तरी अंधारच. काही बिघडलं तर पातं थांबेल, चालणार नाही."

ताईनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "आणि उजेड भलतीकडूनच आला तर?"

वस्ताद खूश झाला. पेनाची काळी नळी कापून त्यानं माझ्यावर चढवली होती, ती बोटानं वाजवून तो म्हणाला, "म्हणून ही. हा उठवळ आहे, जिकडे उजेड तिकडे बघणार. नळी असली की समोरच्या दिव्याखेरीज याला काही दिसत नाही. ही नळी निघाली तर याचा भरवसा धरू नकोस."

हे शब्द मी ऐकले. ताईनं ऐकले. आणि ते बोलला होता वस्ताद.

कारखान्यात मला बसवायला फोरमन तयार नव्हता. त्याचा जीव घड्याळात. पण मालकानं विचारलं, "फुकट बसवतोय ना? मग बसव." वस्तादनं मला पात्याच्या एका बाजूला आणि लाल दिवा दुसऱ्या बाजूला लावला, थप्पीच्या जरा वर. सगळ्या बाया काम थांबवून भोवती उभ्या राहिल्या. त्यानं आधी पात्याखाली लाकडाची फळी धरली आणि ताईला पेडल दाबायला सांगितलं. पातं हललं नाही. मग त्यानं फळी टाकून स्वतःचा हात घातला. ताई पेडलवर पाय द्यायला तयार होईना. "दे पाय," तो म्हणाला. तिनं डोळे मिटून पाय दिला. पातं जागच्या जागी. बायांनी टाळ्या वाजवल्या. गेटवरची बाई आतपर्यंत आली होती, तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

पुढचे सहा महिने माझे सुखाचे. कुणी पाहुणा आला की मालक त्याला मशीनपाशी आणून म्हणायचा, "ही आमची सिस्टीम. कामगारांच्या सुरक्षेत आम्ही तडजोड करत नाही." आमची म्हणे. वस्तादचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. तरी ताईला आतून बरं वाटायचं. रोज सकाळी ती एका बारीक ब्रशनं माझी नळी साफ करायची, कारण कागदाचा भुसा पिठासारखा उडतो आणि नळीत जाऊन बसतो. दोन मिनिटांचं काम.

याच काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. मीही नाही. ताईची कामाची रीत बदलली. पूर्वी ती आधी हात काढायची आणि मग पाय द्यायची. आता माझा भरवसा आल्यावर ती पाय आधीच पेडलवर ठेवू लागली. हात आत असेपर्यंत पातं खाली येत नाही, हात निघाला की लगेच येतं. प्रत्येक थप्पीमागे अर्धा क्षण वाचायचा. दिवसभरात त्यामुळे चाळीस-पन्नास थप्प्या जास्त व्हायच्या. फोरमनच्या हे लक्षात आलं आणि त्यानं तोंड भरून कौतुक केलं. मग तेवढ्या थप्प्या रोजच्याच ठरल्या. कौतुक बंद झालं, थप्प्या राहिल्या.

शाळांच्या वह्यांचं मोठं काम आलं तेव्हा माझे दिवस फिरले. भुसा इतका उडायचा की जेवणाच्या सुट्टीपर्यंत नळी भरून जायची. मला दिवा दिसेना. मला अंधार, म्हणून पातं वर. ताई ब्रश घेऊन वाकली की फोरमन मागे उभा. "तुझ्या भावाचं खेळणं पुसायला तुला ठेवलंय का? मशीन बंद दिसता कामा नये." ताईनं सांगितलं की दोनच मिनिटं लागतात. तो म्हणाला, "दोन मिनिटं तुझी, माल माझा." त्यानं ब्रश घेतला आणि खिशात घातला. ताई मग पदराच्या टोकानं पुसायला लागली, तेही चोरून, पण नळीच्या तळाशी पदर पोचत नव्हता. एका सकाळी मशीन अकरा वेळा थांबलं. फोरमननं वस्तादला बोलावणं धाडलं.

वस्ताद आला तो हसत आला. त्याला वाटलं, दुरुस्तीला बोलावलंय. फोरमननं त्याला सगळ्या बायांच्या मध्ये उभं केलं. "हे काय बनवून ठेवलंयस? कागद दिसला तरी घाबरतं, हवा आली तरी घाबरतं. डबक्यातल्या बेडकाला जास्त कळतं." कुणीतरी हसलं. फोरमन पुढे म्हणाला, "जमत नसेल तर सांग. आम्ही बाजारातलं आणतो, शिकलेल्या माणसानं केलेलं."

वस्तादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 'ब्रश परत द्या आणि दोन मिनिटं द्या,' एवढंच म्हणायचं होतं. ते साधं होतं. पण ते म्हणजे, माझ्या वस्तूला रोज पुसावं लागतं, अशी कबुली होती. ती त्याला द्यायची नव्हती. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझी नळी काढून टाकली.

"आता धूळ साचायला जागाच नाही," तो म्हणाला.

आभाळ भरून आलेलं होतं. खिडक्यांतून राखाडी, मंद उजेड येत होता. त्यानं लाल दिव्यासमोर हात धरला, खटका सुटला. हात काढला, खटका ओढला गेला. फोरमनला बोलावून दाखवलं. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही आणि फोरमन जाता जाता म्हणाला, "बघ, डोकं चालवलं की होतं."

ताईनं मात्र नळी उचलून हातात धरली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, ही निघाली तर भरवसा धरू नको?"

"ताई, आता तू मला शिकवू नकोस," वस्ताद म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, नळी त्याच्या हातात दिली आणि पुढची थप्पी ओढली. भाऊ सगळ्यांसमोर तोंडघशी पडू नये, म्हणून ती गप्प बसली. मला तिचा राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा.

मित्रांनो, माझ्यापुरतं बोलायचं तर मला तो दिवस आवडला. खोटं कशाला बोलू? नळी गेली आणि मला सगळा कारखाना दिसू लागला. पत्रे, खांब, बायांची डोकी, आणि दिव्याच्या मागे वर ती रुंद खिडकी. मला वाटलं, आता मला जास्त दिसतं म्हणजे मी जास्त कामाचा झालो.

चार दिवस आभाळ तसंच राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ते फाटलं आणि खिडकीतून ऊन आलं. तिरपं, पिवळं, सरळ माझ्या डोक्यावर. लाल दिवा त्यात कुठच्या कुठे विरून गेला. मला उजेडच उजेड दिसत होता.

ताईनं थप्पी सरकवली. वरचा एक कागद मुडपला होता. तिनं तो उजव्या हातानं सरळ केला आणि दाबून धरला. पाय नेहमीसारखा पेडलवर होता. तिचा हात दिव्याच्या आणि माझ्या मध्ये आला होता. मला तो कळला नाही. मला उजेड दिसला आणि मी तसं सांगितलं.

चार बोटं गेली. अंगठा राहिला.

ती ओरडली नाही. तिनं आधी पाय पेडलवरून काढला. फोरमन धावत आला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, "कागद बाजूला घ्या, सगळे भरतील." दोन बायांनी ताईला धरून बाहेर नेलं. तिसरीनं कागद बाजूला घेतले. वरच्या तीन-चार वह्या टाकाव्या लागल्या, बाकीच्या त्याच दिवशी शाळांना गेल्या. कुठल्या तरी मुलांनी त्यांत धडे लिहिले असतील.

वस्ताद अर्ध्या तासात पोचला. ताईला दवाखान्यात नेलं होतं. तो तिकडे जायचा सोडून आधी माझ्याकडे आला. ऊन अजून होतं. त्यानं दिव्यासमोर हात धरला. खटका सुटला नाही. त्यानं हात काढला, पुन्हा धरला. खटका सुटला नाही. त्यानं वळून खिडकीकडे पाहिलं. मग तो मशीनला टेकून खाली बसला. त्याला सगळं कळलं होतं, मित्रांनो. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मशीनपाशी त्याच्याखेरीज मी एकटाच होतो.

दोन दिवसांनी मालक स्वतः मशीनपाशी आला, बरोबर वस्ताद. सरकारी तपासणीचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मालक शांतपणे बोलत होता. "हे यंत्र तुझं. नळी काढलीस ती तू. उद्या केस झाली तर कुणावर होईल, तूच सांग." वस्तादनं खिशात हात घातला. "मला काही तुझं वाईट करायचं नाही," मालक म्हणाला. "अजून चार मशीनं आहेत. चारींवर तूच बसव, कायमची देखभाल तुझ्याकडे. तेवढी नळी जागच्या जागी लाव."

"आणि ताईचं काय?" वस्तादनं विचारलं.

"गेटवर एक आहे ना आधीच. अजून किती बसवू?"

नळी वस्तादच्या खिशात होती. त्यानं ती फुंकून साफ केली आणि माझ्यावर चढवली. स्क्रू दोनदा खाली पडला, तो त्यानं दोन्ही वेळा शोधून उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्यामागे मालक, फोरमन, वस्ताद. ताईलाही बोलावलं होतं. तिचा हात मनगटापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता आणि ती तो दुसऱ्या हातानं, कुणाचा तरी परक्याचा असावा तसा, छातीशी धरून उभी होती. साहेब चांगले माणूस होते. त्यांनी घाई केली नाही. लाल दिव्यासमोर आधी पट्टी धरली, मग पेन, मग स्वतःची करंगळी. बाजूनं बॅटरी मारून पाहिली. खिडकीतलं ऊन येईपर्यंतही थांबले. मी एकदाही चुकलो नाही. नळीतून मला समोरच्या दिव्याखेरीज काही दिसतच नव्हतं. मी जन्मात इतकं चोख काम केलं नव्हतं, आणि माझ्या चोखपणाच्या एकेका खटक्याबरोबर ताई जास्त जास्त खोटी ठरत होती.

"यंत्र उत्तम स्थितीत आहे," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. मग ताईला विचारलं, "बाई, तुम्ही याच्यात काही छेडछाड केली होती? काम लवकर व्हावं म्हणून काही लावलं, झाकलं? होतं असं पुष्कळ ठिकाणी. खरं सांगा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. नळी तिला दिसली. मग तिनं वस्तादकडे पाहिलं. फोरमन घड्याळात बघत होता, मालक साहेबांच्या कागदात. वस्ताद जमिनीकडे बघत होता. मालकानं खाकरून घसा साफ केला.

"नाही," ताई म्हणाली. "मी काही लावलं नाही."

"मग हात आत असताना पातं आलं कसं?"

ताईनं पुन्हा वस्तादकडे पाहिलं. साहेबांनी थोडं थांबून लिहिलं. कामगाराचा निष्काळजीपणा, असे ते शब्द. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवले, म्हणून मला कळले. त्यामुळे तिला भरपाई मिळणार नव्हती, हेही त्यांनी समजावून सांगितलं. चांगले माणूस होते. ताईनं डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दिला. शाईचा डबा फोरमननं धरला.

कागद मिटताना साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, वाकून, कौतुकानं. "पण बनवलंय छान. जुना ट्रान्झिस्टर कापलाय वाटतं? कुणाची कल्पना?"

"माझी," वस्ताद म्हणाला. आणि मग, सवयीनं, कुणी कामाची तारीफ केली की तो नेहमी म्हणायचा तसं तो म्हणाला, "धन्यवाद, साहेब."

सगळे चहाला मालकाच्या खोलीत गेले. मशीनपाशी दोघंच राहिली. वस्ताद अजून खालीच बघत होता. तो म्हणाला, "ताई, तू सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ताई म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती तशीच, हात छातीशी धरून, बाहेर गेली. वस्ताद तिच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला. खोलीतून मालकानं त्याला चहाला हाक मारली. तो गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टी संपत येतात तेव्हा 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची रीत आहे. मला जपायची काही गरज नाही. मी धडधाकट आहे, सरकारी कागदावर तसं लिहिलेलं आहे. कारखान्यात आता पाच डोळे आहेत. ताईच्या जागी एक नवी बाई आली आहे, विशीची, हसरी. तिला काम फोरमननं शिकवलं. पाय आधी पेडलवर ठेवायचा, हात निघाला की पातं आपोआप येतं, वेळ वाचतो, असं शिकवलं. ताईला आत येऊ देत नाहीत. बाकीच्या बायांना आपापलं पोट आहे. वह्यांचं काम पुन्हा सुरू झालं आहे, भुसा उडतो आहे, आणि काल मशीन सहा वेळा थांबलं. आज सकाळी फोरमननं वस्तादला निरोप धाडला.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एवढं करा. त्या नव्या बाईला गाठा आणि सांगा, आधी हात काढ, मग पाय दे. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.